पोलोन्नरुवाची मिल उतरवताना

माझं काम नेमकं काय होतं हे सोयऱ्याधायऱ्यांनाही कधी नीट कळलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की बायको सांगायची, "ते मिलमध्ये हायेत जी." त्यावरून लोकांना वाटायचं, मी कुठल्यातरी राईस मिलचा मुनीम असेन. खरं तर मी कुठल्याच एका मिलमध्ये नव्हतो. गोंदियाच्या कारखान्यातून मिलची यंत्रं ट्रकवर चढली की त्यांच्या मागोमाग मी निघायचो. रिकाम्या शेडमध्ये ती उभी करायची, एकमेकांना जोडायची, चालू करायची, पहिलं पोतं नीट भरलं की पिशवी उचलायची आणि पुढच्या गावाला जायचं. आमच्याकडे याला मिल-मिस्त्री म्हणतात.

हे काम करत मी आमगावपासून आफ्रिकेपर्यंत हिंडलो. उभारणीच्या दिवसांत मालक मिस्त्रीला जावयासारखा वागवतो. मटण होतं, नारळ फुटतो, मालकाची बायको स्वतः चहा घेऊन येते. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत उभारण्यापेक्षा उतरवण्याचीच बोलावणी जास्त यायला लागली. आमच्याच भागातल्या किती जुन्या छोट्या मिली मी या हातांनी सोडवल्या. उतरवताना चहा मिळतो, पण तो पोऱ्याच्या हातून येतो. मालक शक्यतो शेडकडे फिरकत नाही.

एक मालक मात्र रोज येऊन बसायचा. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. तो गोंदियाचा नव्हता. समुद्रापलीकडचा होता, श्रीलंकेतला.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तांदूळ दोन तऱ्हांनी निघतो. धान वाळवून सरळ भरडलं की निघतो तो अरवा, आपण घरी खातो तो. आणि धान आधी गरम पाण्यात भिजवून, वाफेवर उकडून, पुन्हा वाळवून मग भरडलं की निघतो तो उसना. उसना तांदूळ कमी तुटतो आणि पोटाला टिकतो. श्रीलंकेत घरोघरी हाच चालतो. त्यासाठी मोठ्या टाक्या लागतात, वाफेचा बॉयलर लागतो, ओलं धान वाळवायला घराएवढा उंच ड्रायर लागतो. या सगळ्यात एक गोष्ट मिस्त्रीनं कधी विसरायची नसते. कोरडं धान महिनाभर थांबेल, पण भिजलेलं धान थांबत नाही. वेळेत उकडलं नाही तर ते आंबतं, वास मारतं, आणि मग जनावरंही तोंड लावत नाहीत.

पहिल्यांदा पोलोन्नरुवाला गेलो तेव्हा माझ्यासोबत सुखराम होता. सुखराम मडावी, चिचगडकडचा गोंड. जंगलात लाकूडकटाई करता करता आमच्याकडे आला आणि उंचावर चढायच्या कामात त्याच्यासारखा दुसरा माणूस मला मिळाला नाही. बल्लारशाच्या गाडीनं निघालो, चेन्नईला विमानात बसलो. विमानात सुखरामनं सगळा वेळ माझं मनगट धरून ठेवलं होतं.

पण उतरल्यावर आम्ही दोघंही बघतच राहिलो. गुळगुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवंगार धान. सकाळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत शाळेला निघालेल्या पोरींची रांगच्या रांग. खेड्यातला दवाखाना स्वच्छ, आत डॉक्टर बसलेला, आणि पैसे कुणी मागत नाही. गावाबाहेर जुन्या राजानं बांधलेला अफाट तलाव, त्याला तिकडे समुद्रच म्हणतात. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून सुखराम म्हणाला, "मिस्त्री, हे तं आपलं इटियाडोह धरणच हाये. पण गावं पाहा ना यायची. आपल्यापेक्षा किती पुढं हायेत हे लोक."

मिलचा मालक साठीकडे झुकलेला, ठेंगणा, पांढऱ्या सारोंगमधला, म्हणजे तिकडच्या लुंगीतला गृहस्थ. नाव मोठं होतं, पण सगळे त्यांना मुदलाली म्हणत. आपल्याकडे शेठ म्हणतात तसं. त्यांना हिंदी येत नव्हती, मला त्यांची भाषा येत नव्हती. मधे गुणपाला होता, त्यांचा फोरमन. तो तरुणपणी कुवेतला राहिलेला, तिथं शिकलेली हिंदी बोलायचा. "भाई, तुम टेन्शन नहीं करना, मुदलाली अच्छा आदमी है. बस जल्दी-जल्दी बोलता है."

मुदलालींना सगळ्यात मोठी मिल हवी होती. यंत्रांची जुनी एक लाईन होतीच, शेजारी दुसरी उभी करायची होती, ती तिप्पट मोठी. मी गुणपालामार्फत विचारलं, एवढं धान मिळेल का? ते हसले आणि बाहेरच्या हिरव्या रानाकडे हात केला. मी मिल उभी केली. पहिला तांदूळ निघाला त्या दिवशी त्यांनी दुधात शिजवलेला भात केळीच्या पानावर आणला आणि आम्हा दोघांना स्वतःच्या हातानं भरवला. सुखराम लाजून लाल झाला होता.

त्यानंतर कितीतरी वर्षं दिवाळीला गुणपालाचा फोन यायचा. मिल कशी चालते, त्याची मुलगी नदीशा नर्सिंग शिकते, नवीन फ्रिज घेतला. पुढे फोनमधला सूर बदलत गेला. कोरोनात बाहेरून येणारे प्रवासी थांबले. मग एके दिवशी सरकारनं रासायनिक खत एका फटक्यात बंद केलं. शेणखत चांगलंच, पण त्याची सवय जमिनीला आणि माणसाला हळूहळू लावावी लागते. दुसऱ्या हंगामाला लोंब्या हलक्या आल्या. त्यात देशाकडचं परकीय चलन आटलं. बाहेरून यायचं ते सगळंच अडलं. पेट्रोल, डिझेल, गॅस, औषधं. शाळेच्या परीक्षा कागदाअभावी पुढे गेल्या असं गुणपाला म्हणाला तेव्हा मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

आणि मग तो फोन आला. "भाई, आप आ सकता है क्या? बडा लाईन खोलना है. मुदलाली बेच दिया."

मी तोवर निवृत्त झालो होतो. बायको म्हणाली, "काऊन जाता जी? गुडघे तं उठू देत नाई तुम्हाले. दुसरा कोणी नाई का जगात?" दुसरे होते. पण यंत्रं विकत घेणाऱ्या माणसानं अट घातली होती की ज्यानं बसवलं त्यानंच उतरवावं, म्हणजे त्याच्या देशात पुन्हा जोडता येईल. सुखरामला फोन केला. तो आता स्वतः मिस्त्री झाला होता, त्याच्या हाताखाली माणसं होती. तरी म्हणाला, "तुम्ही जाऊन राहिले तं मी येतो ना. एकटे काय कराल तिथं?"

कोलंबोपासूनच रांगा दिसायला लागल्या. पेट्रोल पंपांपुढे रिक्षांची रांग, ती एका गावातून सुरू होऊन दुसऱ्या गावात संपायची. माणसं रिक्षातच झोपलेली. गॅसची रिकामी सिलिंडरं साखळीनं बांधून रस्त्याच्या कडेला ठेवलेली, प्रत्येकावर मालकाचं नाव. रस्ते तेच गुळगुळीत होते, फक्त त्यांच्यावर गाड्या नव्हत्या. पोलोन्नरुवाच्या नाक्यावर अशाच एका रांगेत, छत्री डोक्यावर धरून, सिलिंडरवर बसलेले मुदलाली दिसले. ज्यांच्या दारात रोज ट्रक लागायचे ते मुदलाली. मला पाहून ते उठले, हात जोडले आणि पुन्हा बसले. जागा सोडता येत नव्हती.

मिलवर गेलो तर बाजूला गोण्या रचलेल्या. सुखरामनं एका गोणीत हात घातला, मूठभर धान तळहातावर घेऊन फुंकर मारली. निम्मं उडालं.

"हे तं पोचट हाये, मिस्त्री."

गुणपाला खालमानेनं म्हणाला, "इस साल ऐसा ही है."

ते धान मुदलालींचं नव्हतं. गावातल्या शेतकऱ्यांनी घरी खायला ठेवलेलं होतं. बाजारात तांदूळ परवडत नव्हता, म्हणून वर्षाचं धान त्यांनी उकडून-भरडून घ्यायला आणलं होतं. मोठ्या लाईनच्या टाक्या सुटायच्या आत हे शेवटचं काम करून द्यायचं मुदलालींनी कबूल केलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, आधी हे होऊ दे.

वीज दिवसातून थोडाच वेळ यायची. तिच्या वेळा पाहून आम्ही टाक्या भरल्या, गरम पाणी सोडलं. सकाळी वाफ द्यायची ठरली. सकाळी वीज आलीच नाही. वेळापत्रकात होती, पण आली नाही. बॉयलर पेटतो धानाच्या भुशावर, भुसा हवा तेवढा होता. पण त्याला हवा देणारा पंखा आणि पाणी चढवणारा पंप विजेवर चालतो. जनरेटर होता, त्यात डिझेल नव्हतं. गुणपाला सायकलवर गावभर फिरून आला. एका ट्रॅक्टरवाल्याकडे तळाशी थोडं होतं, ते त्याने दिलंही. पण तेवढ्यावर काहीच होणार नव्हतं.

उन्हं चढली तशी मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. अजून आंबट नव्हता, पण पाणी फेसाळायला लागलं होतं. आवाराच्या फाटकाशी बायका-माणसं जमली होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुदलाली आले. गुणपालानं त्यांना सांगितलं. ते टाकीपाशी गेले, तिला हात लावला. मग काहीतरी पुटपुटले.

"क्या बोलते हैं?" मी विचारलं.

"बोलते हैं, मेरा होता तो जाने देता."

मी वीज येण्याची वाट पाहावी म्हणत होतो. जन्मभर यंत्रांसोबत राहिलेल्या माणसाला यंत्राशिवाय दुसरं सुचत नाही. सुखराम मात्र आवारातल्या रिकाम्या तेलाच्या डरमांकडे पाहत होता.

"मिस्त्री, लाईट येईन तवा येईन. धान थोडीच थांबून राहते? आमची माय घरीच उकडत होती ना धान. डरम कापा, खाली बोटभर पाणी टाका, वरतून धान भरा, तोंड पोत्यानं बांधा. वाफ वरती आली का झालं."

"सुखराम, टाक्या किती आहेत पाहिलंस का?"

"अन् माणसं किती हायेत ते पाहा ना फाटकावर."

मी गुणपालाला सांगितलं, त्याने फाटकाकडे जाऊन सांगितलं. गर्दीतली एक म्हातारी हसली आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. तीही हे घरी करत आली होती, मिल आल्यावर सोडलं होतं. मग काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. पोरं घरोघरी पळाली. पातेली आली, हंडे आले, विहारातल्या जेवणावळीची मोठाली भांडी आली. सुखराम डरम कापत होता. मी टाकीखालची झडप उघडून आधी पाणी सोडलं, मग थोडं थोडं धान खाली घेत गेलो. आवारात, रस्त्याच्या कडेला, नारळीखाली चुली पेटल्या. सरपण कमी पडलं तेव्हा मुदलालींनी मिलच्या ऑफिसातल्या जुन्या लाकडी फळ्या स्वतः ओढत आणल्या. गुणपालाची बायको मालिनी पोतं उचलून पाहायची, टरफल फुटून आतला दाणा दिसला की हात वर करायची. मग चार जणांनी भांडं उचलायचं.

उकडलेलं धान पसरायला विहाराचं अंगण दिलं भिक्खूंनी. रस्ता तर रिकामाच होता, गाड्या कुठे होत्या. काळ्या डांबरावर धान पसरलं आणि लोक त्यातून पाय ओढत, सऱ्या पाडत चालू लागले. नदीशा सरकारी दवाखान्यातली पाळी संपवून आली ती नर्सच्या कपड्यांतच, चपला काढून धानात उतरली. दवाखान्यात औषधं नाहीत म्हणून ऑपरेशनं पुढे ढकलली होती. बापाशी ती तेवढंच बोलली. मग तासभर नुसती धान फिरवत राहिली.

सगळं वाचलं असं म्हणणार नाही. शेवटच्या टाकीचं धान आम्ही पोचेपर्यंत आंबलं. ते ज्यांचं होतं त्यांना बाकीच्यांनी आपल्यातून वाटा दिला. त्यावर थोडी भांडणंही झाली, एकजण रागानं आपलं धान न देताच निघून गेला. पण बहुतेक गावाचं वर्षाचं खाणं वाळून गोण्यांत गेलं. पुढच्या काही दिवसांत वीज येईल तशी जुन्या लाईनवर ते भरडून दिलं. तांदूळ थोडा काळसर झाला होता. मी खाल्ला. चांगला होता.

सुखराम दोन्ही हातांना फोड घेऊन भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "मिस्त्री, आपली मिल नसती तं हे लोक घरीच उकडत राहिले असते. आपणच त्याईची सवय मोडली."

मी त्याच्या हातांना फडकं बांधायला घेतलं. त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं.

मग ज्यासाठी गेलो होतो ते काम सुरू केलं. उभारताना यंत्र खालून वर जातं, उतरवताना वरून खाली यायचं. प्रत्येक भागावर रंगानं खूण करायची, म्हणजे परक्या देशातला मिस्त्री चुकणार नाही. मुदलाली रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायचे आणि बसायचे. मी गुणपालाला म्हटलं, त्यांना घरी पाठवा, हे पाहणं बरं नाही. त्याने सांगून पाहिलं.

"बोलते हैं, बनाने के टाइम बैठा था, तो अभी काय को भागूँ?"

ड्रायर निघाला आणि शेडमध्ये एकदम उजेड आला. इतकी वर्षं त्यानं खिडकी अडवलेली होती. खाली सिमेंटमध्ये पुरलेले मोठे बोल्ट तेवढे उभे राहिले. असे बोल्ट आम्ही गॅसनं कापून टाकतो, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागतात. सुखरामनं कटर पेटवला तसे मुदलाली खुर्चीतून उठले. त्याला थांबवलं. घरून ग्रीसचा डबा आणि जुनं सारोंग मागवलं. खाली बसून, गंजू नये म्हणून एकेका बोल्टला ग्रीस चोपडलं, चिंधी गुंडाळली, सुतळीनं बांधली. सत्तरीचा माणूस. मदतीला कुणाला हात लावू दिला नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी गुणपाला स्टँडवर सोडायला आला. मोठी लाईन गेली, निम्मी माणसं घरी बसणार, त्यात फोरमनचा पगार कुठून निघणार? तो पुन्हा कुवेतला चालला होता. तरुणपणी गेला होता तो घर बांधायला. आता नातवंडं खेळवायच्या वयात चालला होता, तेही तिथल्या कुठल्याशा गोदामात हमालांवर देखरेख करायला. मला म्हणाला, "भाई, हमारा देश बहुत अच्छा था. आपने देखा ना? आप बताना लोग को."

मी पाहिलं होतं. म्हणून लिहितो आहे.

देश कसे बुडतात यावर शिकलेली माणसं पुष्कळ लिहितात. मला त्यातलं फार कळत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की शाळा, दवाखाने, रस्ते, शहाणी माणसं सगळं होतं आणि तरी झालं. पडायला वेळ लागला नाही. आमच्या गोंदियात कुणी मोठमोठे बेत सांगायला लागलं की मला हल्ली ती पेट्रोलची रांग दिसते. मी बेत ऐकतो, हो म्हणतो आणि घरी येतो.

पण बातम्या येत राहिल्या. खत पुन्हा मिळायला लागलं, धान भरायला लागलं. वीज टिकते. प्रवासी परत आले. महागाई आहेच, गुणपालाच्या पगारातला बराच भाग तिकडे घरी जातो. नदीशाच्या सोबतच्या कितीतरी नर्स परदेशी गेल्या. तिलाही बोलावणं होतं. "आणखी एक वर्ष बघते," असं ती दरवर्षी म्हणते आणि राहते.

यंदा पोळा झाल्यावर एक दिवस मोबाईल वाजला. पडद्यावर दोन चौकोन, एकात कुवेतमधला गुणपाला, दुसऱ्यात मुदलाली. केस पार पांढरे, दात बहुतेक गेलेले. त्यांना नवीन ड्रायर घ्यायचा होता. मोठा नाही, जुन्या लाईनला पुरेल असा. त्यांनी विचारलं, हा किती वर्षं चालेल?

मी म्हटलं, नीट ठेवला तर वीस-पंचवीस वर्षं.

गुणपालानं सांगितलं. मुदलाली खो-खो हसत सुटले, मग खोकले, मग काहीतरी म्हणाले.

"बोलते हैं, मैं उतना नहीं चलेगा. मशीन चलेगा तो बस है. और बोलते हैं, सुखराम ऊपर चढेगा, आप नीचे कुर्सी डाल के बैठना. हम दोनो बैठेगा."

नव्या ड्रायरचं माप वेगळं आहे. त्या जुन्या बोल्टांवर तो बसणार नाही, ते कापावेच लागतील. हे मी फोनवर सांगितलं नाही. समोर बसून सांगेन.

माझा पासपोर्ट संपलेला होता. बायको दोन दिवस धुसफुसली, तिसऱ्या दिवशी तिनेच इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन आलो. खिडकीतल्या पोरीनं माझं वय पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, या वयात कुठं फिरायला चाललात?"

"फिरायला नाही," मी म्हटलं, "कामावर."